सयामचा राजा ते लंडनचा फुटपाथ: एकाच कॅमेऱ्याने दोन्ही टिपणारा जॉन थॉमसन कोण होता?

१८७७ सालचा लंडनमधला एक फोटो आहे. दगडी पायरीवर एक बाई बसली आहे. अंगावर जुनी शाल, खांद्याशी कापडात गुंडाळलेलं बाळ. बाईची मान खाली कललेली. पाहणाऱ्याला वाटतं, थकलेली आई आणि तिचं मूल. पण ते मूल तिचं नाहीच.

ही बाई एका शिंप्याची विधवा. बाळाची आई एका कॉफी शॉपमध्ये कामाला जायची आणि ती परत येईपर्यंत ही बाई मूल सांभाळायची. मोबदल्यात काय मिळायचं? कपभर चहा आणि थोडा पाव.

या फोटोचं नाव 'द क्रॉलर्स', म्हणजे 'सरपटणारी माणसं'. निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या वर्कहाऊसच्या पायऱ्यांवर पडून राहणाऱ्या बायकांना लंडनमध्ये हे नाव पडलं होतं. त्यांच्यात उभं राहून भीक मागण्याचंही त्राण उरलेलं नव्हतं.

हा फोटो काढणाऱ्या माणसाने त्याआधी सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या राजाचा फोटो काढला होता. पुढे चारच वर्षांत त्याला राणी व्हिक्टोरियाच्या राजघराण्याचा फोटोग्राफर म्हणून मान मिळाला. त्याचं नाव जॉन थॉमसन. आज ज्याला आपण 'स्ट्रीट फोटोग्राफी' म्हणतो, त्याच्या सुरुवातीच्या पानांवर हे नाव येतं.

पण थॉमसनची गोष्ट फक्त 'पहिल्यांदा कोणी केलं' एवढ्यापुरती नाही. आपला फोटो कसा निघावा हे ठरवण्याचा हक्क कोणाला असतो, हा प्रश्न त्याच्या कामात पुन्हा पुन्हा समोर येतो. आणि आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना तो जास्तच महत्त्वाचा झाला आहे.

चष्म्याच्या भिंगांपासून सुरुवात

थॉमसनचा जन्म १४ जून १८३७ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात झाला. वडील तंबाखूच्या धंद्यात. नऊ भावंडांत जॉनचा नंबर आठवा. शाळा झाल्यावर त्याने भिंगं आणि वैज्ञानिक उपकरणं बनवणाऱ्याकडे उमेदवारी केली. दिवसा काम आणि संध्याकाळी वर्ग, असं करत त्याने भौतिकशास्त्र, गणित आणि रसायनशास्त्राचे धडे घेतले.

फोटोग्राफी तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. कॅमेरा चालवायचा तर भिंगही कळायला हवं आणि रसायनंही. थॉमसनला दोन्ही येत होतं.

१८६२ मध्ये तो सिंगापूरला गेला. त्याचा मोठा भाऊ विल्यम तिथे आधीच होता. जहाजांवर लागणारी घड्याळं आणि उपकरणं बनवण्याचा धंदा दोघांनी मिळून चालवला आणि त्याला जोडून थॉमसनने फोटो स्टुडिओ उघडला. गिऱ्हाईक मुख्यतः युरोपियन व्यापारी. ठरलेली खुर्ची, ठरलेला पडदा, ठरलेली पोझ. पैसे यातूनच यायचे.

पण त्याचं मन स्टुडिओत रमेना. सुट्टी मिळाली की तो मलाया आणि सुमात्राकडे निघायचा, तिथली गावं आणि माणसं टिपायचा. १८६४ च्या ऑक्टोबरमध्ये कोलकात्याला मोठ्या चक्रीवादळाने झोडपलं, तेव्हा झालेलं नुकसान टिपायला तो भारतातही येऊन गेला.

तेव्हा फोटो काढणं म्हणजे नक्की काय असायचं?

थॉमसनचं काम समजून घ्यायचं तर आधी त्याचं तंत्र समजून घ्यावं लागतं. त्याला 'वेट कोलोडियन' म्हणतात. फिल्म नव्हती, मेमरी कार्ड तर दूरच. फोटो काचेवर निघायचा.

आधी काचेची प्लेट स्वच्छ पुसायची. तिच्यावर कोलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा पसरवायचा. मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. आता काचेला प्रकाश 'कळू' लागतो, पण ती ओली असेपर्यंतच. त्यामुळे तशीच ओली काच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात नेऊन धुवायची. या सगळ्याला हातात वेळ असायचा साधारण दहा-पंधरा मिनिटांचा. काच वाळली की सगळं वाया.

म्हणजे फोटोग्राफर जिथे जाईल तिथे त्याची डार्करूमही गेली पाहिजे. थॉमसन अंधाऱ्या तंबूसह फिरायचा. लाकडी कॅमेरा, तिवई, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि हे सगळं वाहून नेणारे मजूर असा त्याचा लवाजमा असायचा. उष्ण, दमट हवेत रसायनं दगा द्यायची. नदीचं पाणी गढूळ असेल तर काचेवर डाग पडायचे.

शिवाय फोटोला काही सेकंद लागायचे. तेवढा वेळ समोरचा माणूस हलला की चेहरा पुसट. म्हणून चालत्या माणसाचा नकळत फोटो काढणं जवळजवळ अशक्यच होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

राजा कपडे बदलून आला

१८६५ मध्ये थॉमसनने सिंगापूरचा स्टुडिओ विकला आणि तो बँकॉकला पोहोचला. राजा मोंगकुट, म्हणजे चौथा राम, याने त्याला दरबारात फोटो काढायला बोलावलं.

हा किस्सा थॉमसनने नंतर आपल्या प्रवासवर्णनात लिहिला आहे. राजा आधी पांढऱ्याशुभ्र वस्त्रात आला. प्रार्थना करत असलेला फोटो हवा, असं ठरलं. थॉमसनने कॅमेरा लावला, सगळी तयारी केली. तेवढ्यात राजाचं मन बदललं. तो आत गेला आणि युरोपियन सेनापतीसारखा पोशाख घालून परत आला.

वरवर पाहिलं तर हा लहरीपणा. पण मोंगकुट कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याच्या आजूबाजूचे प्रदेश ब्रिटन आणि फ्रान्स गिळत चालले होते. आपला फोटो परदेशात कोण पाहणार आणि त्यात आपण काय दिसायला हवं, याचा विचार करायला त्याच्याकडे कारण होतं. धार्मिक साधू दिसायचं की बरोबरीचा राजा, हे त्याने स्वतः ठरवलं. फोटोग्राफर थांबून राहिला.

जानेवारी १८६६ मध्ये थॉमसन बँकॉकहून निघून जंगलातून अंगकोरला पोहोचला. वाटेत त्याला तापाने गाठलं. तरी तिथे सुमारे दोन आठवडे राहून त्याने अंगकोरच्या मंदिरांचे फोटो काढले. ब्रिटनमध्ये परतल्यावर १८६७ मध्ये कंबोडियाच्या प्राचीन वास्तूंवर त्याचं पुस्तक आलं. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्याला आपला फेलो करून घेतलं. आता तो केवळ स्टुडिओवाला राहिला नव्हता, त्याची गणती प्रवासी-संशोधकांत होऊ लागली.

'हा कॅमेरा जीव ओढून घेतो'

१८६८ मध्ये थॉमसन हाँगकाँगला आला. तिथेही स्टुडिओ उघडला, लग्न केलं आणि पुढची चार वर्षं चीनमध्ये फिरला. ग्वांगझू, फुजियान, तैवान, शांघाय, यांगत्से नदी, बीजिंग. सगळं मिळून जवळपास ५,००० मैल, म्हणजे ८,००० किलोमीटर.

त्याने राजपुत्र गोंग आणि बडा मुत्सद्दी ली होंगझांग यांची पोर्ट्रेट काढली. सोबत होडीवर राहणाऱ्या बायका, रस्त्यावरचे विक्रेते, जुगारी, भिकारी, भिक्षू यांचेही फोटो काढले.

लोक मात्र नेहमी आनंदाने उभे राहत नव्हते. अनेक ठिकाणी त्याच्याकडे जादूटोणा करणारा म्हणून पाहिलं जायचं. या यंत्राने तो डोंगराच्या पोटातलं पाहू शकतो, ज्याचा फोटो निघतो त्याच्यातली प्राणशक्ती कमी होते आणि तो माणूस लवकरच मरतो, असा समज होता. काही ठिकाणी त्याच्यावर दगडही पडले. हे सगळं त्याने स्वतःच आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत नोंदवलं आहे.

या भीतीला अंधश्रद्धा म्हणून हसणं सोपं आहे. पण काळ आठवा. १८६० साली, म्हणजे थॉमसन येण्याच्या जेमतेम आठ वर्षं आधी, ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा सम्राटाचा उन्हाळी राजवाडा लुटून जाळला होता. त्याच देशाचा माणूस एक अनोळखी यंत्र घेऊन गावात येतो, तेव्हा लोकांनी संशय घेणं अगदीच निराधार नव्हतं.

१८७२ मध्ये तो काचेच्या निगेटिव्हच्या पेट्या घेऊन कायमचा ब्रिटनला परतला. १८७३-७४ मध्ये 'इलस्ट्रेशन्स ऑफ चायना अँड इट्स पीपल' हा चार खंडांचा ग्रंथ आला. त्यात २०० फोटो आणि प्रत्येकाबरोबर माहिती. बहुतेक ब्रिटिश वाचकांनी चीनमधली खरीखुरी माणसं इतक्या संख्येने पहिल्यांदाच पाहिली.

लंडनच्या रस्त्यावर

आता तो लंडनमध्ये राहत होता. जगातल्या सर्वात श्रीमंत साम्राज्याची ही राजधानी आणि तिच्याच गल्ल्यांमध्ये हजारो माणसं रोजच्या भाकरीसाठी रस्त्यावर काहीबाही विकत होती.

डाव्या विचारांचा पत्रकार अडॉल्फ स्मिथ याच्याबरोबर थॉमसनने १८७७ मध्ये 'स्ट्रीट लाइफ इन लंडन' हे मासिक सुरू केलं. दर महिन्याला तीन फोटो आणि प्रत्येक फोटोबरोबर त्या माणसांची हकिगत. एकूण १२ अंक, ३६ फोटो. मग त्याचंच पुस्तक झालं. बराचसा मजकूर स्मिथचा, काही थॉमसनचा.

यात नवीन काय होतं? लंडनच्या गरिबांवर हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१ मध्येच मोठं काम केलं होतं. पण त्यातली चित्रं फोटोंवरून कोरलेल्या ठशांनी छापलेली होती. त्या काळी छापखान्यात फोटो थेट छापता येत नसे. कोरणारा कारागीर हवं ते वाढवायचा, नको ते गाळायचा.

थॉमसनने 'वुडबरीटाइप' ही पद्धत वापरली. यात फोटोचा उठाव असलेला जिलेटिनचा थर प्रचंड दाबाने शिशाच्या पत्र्यात उमटवतात. त्या साच्यात रंगीत जिलेटिन भरून कागदावर छाप घेतात. त्यात ठिपके किंवा रेघा दिसत नाहीत, अस्सल फोटोसारख्याच छटा येतात आणि त्या सहसा फिकट होत नाहीत. एकेक छाप कापून पानावर चिकटवला जायचा. म्हणूनच दीडशे वर्षांनंतरही हे फोटो ताजे दिसतात.

या ३६ फोटोंत कोण कोण आहे? कॉव्हेंट गार्डनमधल्या फुलवाल्या, बूट पॉलिश करणारा, अर्ध्या पेनीला आइस्क्रीम विकणारे इटालियन, पाठीपोटावर जाहिरातीचे फलक बांधून चालणारे, जुने कपडे विकणारी, पुरात घर बुडालेलं कुटुंब. साथीच्या घरात जाऊन जंतुनाशक फवारणारे कामगारही आहेत. आणि क्लॅपहॅम कॉमन या मोकळ्या मैदानावर लोकांचे फोटो काढून पोट भरणारा एक फोटोग्राफरही. राजे-रजवाड्यांच्या फोटोग्राफरने आपल्याच धंद्यातल्या सर्वात खालच्या पायरीवरच्या माणसाचा फोटो काढला, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

मेरी प्रॅडचं काय झालं?

या मालिकेतला एक फोटो भटक्या लोकांचा आहे. बॅटर्सी भागातल्या मोकळ्या जागेवर चाकांवरचं घर उभं आहे, आजूबाजूला माणसं आणि पायऱ्यांवर एक वयस्क बाई.

फोटो तयार झाल्यावर थॉमसनने तो त्या लोकांपैकी विल्यम हॅम्प्टनला दाखवला. तेव्हा त्याला कळलं, की पायरीवर बसलेल्या बाईचं नाव मेरी प्रॅड आणि मधल्या काळात तिचा खून झाला आहे. थॉमसनने ही हकिगत मजकुरात लिहिली. एरवी तिचा चेहरा जगाला कधी दिसला नसता. तिचं नाव आज आपल्याला माहीत आहे, ते या मजकुरामुळे.

यातून थॉमसनच्या कामाची एक बाजू दिसते. काही माणसांशी तो बोलला, फोटो दाखवायला परत गेला, त्यांचं म्हणणं लिहून ठेवलं. 'लंडनचे गरीब' या ढोबळ शब्दामागे त्याला नाव असलेली, धंदा असलेली, भूतकाळ असलेली माणसं दिसली.

मग हे फोटो 'खरे' होते का?

पुस्तकाच्या प्रस्तावनेत लेखकांनी दावा केला होता, की फोटोमुळे गरिबी वाढवून किंवा कमी करून दाखवल्याचा आरोप कोणी करू शकणार नाही. कॅमेरा म्हणजे साक्षीदार.

पण आता वर सांगितलेली गोष्ट आठवा. फोटोला सेकंद लागत होते. कॅमेरा तिवईवर होता. म्हणजे फुलवाल्यांपासून भटक्यांपर्यंत जवळपास प्रत्येकाला 'असं उभं राहा, हलू नका' म्हणून सांगावं लागलं असणार. ज्याला आपण रस्त्यावरचं सहज दृश्य समजतो, ते रस्त्यावर मांडलेलं पोर्ट्रेट आहे.

नकळत टिपलेले रस्त्यावरचे फोटो पुढच्या पिढीत आले. आधीच तयार मिळणाऱ्या कोरड्या प्लेट्स रूढ झाल्या. १८८८ मध्ये हातात मावणारा कोडॅक कॅमेरा बाजारात आला. १८९० च्या दशकात लंडनमध्येच पॉल मार्टिन लपवलेला कॅमेरा घेऊन फिरू लागला. न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस अंधाऱ्या खोल्यांत फ्लॅशची पावडर उडवून गरिबांची घरं टिपू लागला.

मांडून काढलेला फोटो खोटाच, असं मात्र म्हणता येत नाही. उलट, थॉमसनच्या पद्धतीत समोरच्याला निदान माहीत होतं की आपला फोटो निघतो आहे. लपवलेल्या कॅमेऱ्याने ती माहितीही काढून घेतली.

खरी अडचण वेगळी आहे. मोंगकुटला कपडे बदलून येता आलं. वर्कहाऊसच्या पायरीवरच्या बाईला तो पर्याय नव्हता. तिचा फोटो ज्या मासिकात आला, ते विकत घेणारे वाचक तिच्या जगातले नव्हते. तिच्या फोटोखाली तिचं नाव नाही, आहे तो फक्त शिक्का: सरपटणारी.

माणसांना असे शिक्के मारण्याची त्या काळी लाटच होती. चीनवरच्या ग्रंथातही काही पानांवर नुसते चेहरे नमुने म्हणून मांडलेले आहेत. आपल्याकडे मुंबईत विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड काढले. मुंबईत राहणाऱ्या वेगवेगळ्या जातीजमातींचे फोटो त्यात होते आणि स्टुडिओत काढलेल्या माणसांच्या मागे दुसऱ्याच जागेची पार्श्वभूमी जोडलेली होती. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड छापले. माणूस म्हणजे त्याच्या जातीचा नमुना, ही त्यामागची दृष्टी. राज्य करायला यादी लागते आणि कॅमेरा यादी करायला सोयीचा होता.

थॉमसन याच काळाचा माणूस. साम्राज्याच्या वाटांवरूनच तो फिरला. फरक इतकाच, की त्याच्या चांगल्या फोटोंत समोरचा माणूस नमुन्याच्या चौकटीत मावत नाही. चौकट नमुन्याची असली तरी त्यातला चेहरा एका ठरावीक माणसाचाच राहतो.

पुन्हा स्टुडिओत

'स्ट्रीट लाइफ' नंतर थॉमसनने रस्त्यावरचं इतकं मोठं काम पुन्हा केलं नाही. १८७८ मध्ये ब्रिटनने सायप्रस ताब्यात घेतलं, तेव्हा त्या बेटाचे फोटो काढून त्याने पुस्तक केलं. मग लंडनच्या उच्चभ्रू भागात स्टुडिओ थाटला. १८८१ मध्ये राजघराण्याचा फोटोग्राफर म्हणून त्याची नेमणूक झाली आणि श्रीमंतांची पोर्ट्रेट हाच त्याचा मुख्य धंदा झाला.

१८८६ पासून तो रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत प्रवाशांना फोटोग्राफी शिकवू लागला. प्रसिद्ध प्रवासी लेखिका इझाबेला बर्ड हिने त्याच्याकडून धडे घेतले आणि पुढे ती स्वतः कॅमेरा घेऊन चीनमध्ये फिरली.

१९१० च्या सुमारास तो निवृत्त झाला. आयुष्याच्या शेवटी त्याने आपल्या आशियातल्या काचेच्या निगेटिव्ह विकण्यासाठी औषध उद्योजक आणि संग्राहक हेन्री वेलकम यांना लिहिलं. १९२१ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने त्याचं निधन झालं. तो ८४ वर्षांचा होता. निगेटिव्ह वेलकम यांच्या संग्रहात गेल्या.

सहाशेहून जास्त काचा आज लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये आहेत. २००९ पासून चीनमधल्या शहरांत आणि नंतर बँकॉकमध्येही या फोटोंची मोठी प्रदर्शनं झाली. ज्या शहरांत कधी कॅमेऱ्यावर दगड पडले असतील, तिथलेच लोक आता रांगा लावून आपल्या जुन्या गल्ल्या, जुन्या वेशी, जुने चेहरे पाहत होते. त्यांच्यासाठी तो कोणा परक्याचा प्रवास नव्हता, आपल्याच घरचा अल्बम होता.

आज हे फोटो कसे पाहायचे?

वेलकम कलेक्शनच्या वेबसाइटवर थॉमसनचे फोटो मोठ्या आकारात पाहता येतात. 'स्ट्रीट लाइफ इन लंडन' ची पानंही ऑनलाइन आहेत. पाहताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

एक, फोटोखालचा मजकूर वगळू नका. मजकुराशिवाय 'द क्रॉलर्स' मधलं बाळ त्या बाईचंच वाटतं. सोशल मीडियावर तो फोटो अनेकदा तसाच, गोष्टीशिवाय फिरतो.

दोन, फोटोच्या कडा पाहा. पुसट झालेलं डोकं, हललेला हात, दारातून डोकावणारं पोर. थॉमसनने मांडलेल्या चित्रात रस्ता तिथून आत शिरतो.

तीन, नाव कोणाला आहे आणि कोणाला नाही, ते बघा. राजपुत्राला आहे, फुलवालीला बहुधा नाही. मेरी प्रॅडचं आहे, कारण फोटो काढणारा माणूस छापलेला फोटो घेऊन परत गेला आणि ही कोण, याचं उत्तर त्याने ऐकून घेतलं.